राजीनामा आणि कबुलायत



राजीनामा हा शब्द आज राजकारणात इतक्या वेळा कानावर पडतो की तो जमिनीच्या कागदपत्रांतून आला आहे याची आठवण सहसा कोणाला होत नाही. जुन्या मुंबई इलाख्याच्या महसुली व्यवहारात खातेदाराला जमीन सोडायची असली की तो राजीनामा लिहून देई, आणि ती जमीन आपल्या नावावर करून घेणारा कबुलायत लिहून देई. एकाने हक्क सोडला आणि दुसऱ्याने साऱ्याची जबाबदारी पत्करली की व्यवहार पुरा होई. आपण काहीतरी सोडतो आहोत, राजीखुशीने आणि कागदावर सही करून सोडतो आहोत, हा या शब्दाचा गाभा आहे. आज मात्र बऱ्याचदा दुसऱ्या पक्षाशी कबुलायत आधी होते आणि राजीनामा मागाहून जाहीर होतो. त्यामुळे सामान्य माणसाला प्रत्येक राजीनामा सौदा वाटू लागला आहे आणि पक्षात मतभेद बोलून दाखवणारा प्रत्येक जण उद्याचा फितूर वाटू लागला आहे. या दोन्ही समजुती लोकशाहीला घातक आहेत. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी हा विषय घेतला.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. पक्षाच्या बैठकीत मत मांडले, मतदान झाले आणि आपण हरलो, एवढ्याने प्रामाणिक माणूस पक्ष सोडत नाही. हरणे तो पचवतो. निर्णय आधीच कुठेतरी होऊन गेला आहे आणि आपल्याला फक्त होकारापुरते बोलावले आहे, हे लक्षात आले की तो तुटतो. निष्ठेला पराभव सोसतो. डावलले जाणे सोसत नाही. तेव्हा निष्ठा मागण्याचा अधिकार पक्षाला आहे, पण तो विचारण्याच्या कर्तव्यातून येतो. जो पक्ष विचारत नाही त्याला आज्ञापालन मिळेल, निष्ठा मिळणार नाही. स्वातंत्र्यानंतरच्या काही ठळक घटनांच्या आधारे हे मी तपासून पाहणार आहे.

पहिली घटना १९५६ ची. राज्य पुनर्रचना आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ रोजी अहवाल दिला. त्यानंतर मुंबईचे काय करायचे यावर दिल्लीत एकामागून एक तोडगे निघाले. आधी गुजराती-मराठी द्वैभाषिक राज्य, मग तीन राज्ये, मग १६ जानेवारी १९५६ च्या घोषणेप्रमाणे केंद्रशासित मुंबई. मुंबईत लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसे पडली. चिंतामणराव देशमुख तेव्हा केंद्राचे अर्थमंत्री होते आणि कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले होते. जानेवारीतच त्यांनी राजीनामा देऊ केला होता. थांबण्याचा आग्रह झाला, ते थांबले. जूनमध्ये पंतप्रधान नेहरूंनी मुंबईत येऊन शहर काही वर्षे केंद्राच्या ताब्यात राहील असे जाहीर केले, आणि जुलैत देशमुखांनी मंत्रिपद सोडले. लोकसभेतले त्यांचे निवेदन आज वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. महाराष्ट्रावर अन्याय होतो आहे हे त्यांनी सांगितलेच, गोळीबाराच्या चौकशीचा आग्रहही धरला. पण सगळ्यांत टोचणारा मुद्दा कार्यपद्धतीचा होता. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात चर्चेला न येताच जाहीर झाला, असे त्यांनी सभागृहात सांगितले. नेहरूंना हा आरोप मान्य नव्हता. धोरण सांगण्याचा पंतप्रधानाला अधिकार आहे अशी त्यांची भूमिका होती. कोणाचे किती बरोबर, हा वाद अभ्यासकांनी करावा. मला इथे एवढेच नोंदवायचे आहे की भाषेच्या आणि भूमीच्या एवढ्या ज्वलंत प्रश्नावर पद सोडणारा हा सनदी शिस्तीत वाढलेला मंत्री आपल्या निवेदनात ‘आम्हाला विचारले नाही’ हेही तितक्याच ठासून सांगत होता.

आता पाच वर्षे मागे जाऊ. १९५१ च्या सप्टेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. ते काँग्रेसचे नव्हते, मंत्रिमंडळाचे होते, हा फरक ध्यानात ठेवूनही त्यांचे निवेदन आपल्या विषयाला धरून आहे. हिंदू कोड बिल अर्धवट सोडले गेले हे कारण सर्वांना माहीत असते. पण त्या निवेदनात आणखीही कारणे आहेत: अनुसूचित जातींची उपेक्षा, परराष्ट्र धोरण, आणि महत्त्वाचे निर्णय समित्यांत आधीच ठरतात, मंत्रिमंडळ त्यांची फक्त नोंद करून घेते ही तक्रार. म्हणजे देशमुखांनी पुढे जे सांगितले, त्याच जातीचे दुखणे. ते निवेदन देण्याचा प्रसंगही बोलका आहे. राजीनामा देणाऱ्या मंत्र्याने सभागृहात आपली कारणे सांगावीत ही संसदीय प्रथा. त्याप्रमाणे ऑक्टोबरात बाबासाहेब बोलायला उभे राहिले, तेव्हा उपसभापतींनी निवेदनाची प्रत आधी मागितली. जे बोलायचे ते आधी दाखवून घेण्याची ही अट बाबासाहेबांना मान्य झाली नाही. ते सभागृहातून निघून गेले आणि त्यांनी आपले निवेदन वृत्तपत्रांकडे दिले. ज्यांनी घटनेचा मसुदा हातावेगळा केला त्यांना त्याच घटनेखालच्या सभागृहात आपली कारणे सांगता आली नाहीत. मंत्रिमंडळात मत विचारले गेले नव्हते आणि सभागृहात ते सांगूही दिले गेले नाही. लोकांसमोर ते आले ते छापील कागदावरून.

दोन्ही उदाहरणे मंत्रिमंडळातली आहेत, पक्षात असे होते का, असा प्रश्न कोणी विचारील. त्यासाठी समाजवाद्यांकडे पाहू. १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीनमध्ये प्रजा समाजवादी पक्षाचे सरकार होते. ऑगस्टमध्ये त्या सरकारच्या पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार केला. डॉ. राममनोहर लोहिया पक्षाचे सरचिटणीस होते. निःशस्त्र लोकांवर गोळी चालवणारे सरकार आपल्या पक्षाचे असले तरी त्याने पायउतार झाले पाहिजे, अशी मागणी त्यांनी केली. पक्षनेतृत्वाने ती मानली नाही, तेव्हा त्यांनी सरचिटणीसपद सोडले. हा वाद नोव्हेंबरात नागपूरच्या खास अधिवेशनात आला आणि लोहियांची बाजू हरली. आता पुढचा क्रम पाहा. अधिवेशनात हरल्यावर लोहियांनी पक्ष सोडला नाही. वाद झाला, कौल लागला, ते पक्षात राहिले. पुढच्या वर्षी, १९५५ मध्ये, पक्षाच्या धोरणावर उघड टीका केली म्हणून मुंबईच्या शाखेने मधु लिमये यांना निलंबित केले. कारवाईचे सत्र पुढे लोहियांपर्यंत गेले, आणि वर्ष संपता संपता हैदराबादेत वेगळा समाजवादी पक्ष उभा राहिला. नागपूरच्या मतदानाने जो पक्ष फुटला नव्हता तो निलंबनाच्या पत्रांनी फुटला. महाराष्ट्रातल्या समाजवादी चळवळीने या फुटीची किंमत पुढची अनेक वर्षे मोजली.

काँग्रेसचा अनुभव निराळा नाही. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पक्षाचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते. तेव्हा इंदिरा गांधींच्या गटाने खासदार-आमदारांना सदसद्विवेकाला स्मरून मत देण्याचे आवाहन केले, आणि व्ही. व्ही. गिरी निवडून आले. योगायोग असा की त्याच निवडणुकीत चिंतामणराव देशमुखही उमेदवार होते. पक्षाच्या निर्णयापेक्षा सदसद्विवेक मोठा, हे तत्त्व त्या वर्षी देशभर गाजले. पुढे जेमतेम सहा वर्षांनी, मार्च १९७५ मध्ये, पुण्याचे खासदार आणि केंद्रातले राज्यमंत्री मोहन धारिया यांनी जयप्रकाश नारायण यांच्याशी सरकारने बोलावे असे मत मांडले. त्यांनी पक्षाविरुद्ध मतदान केले नव्हते, कोणाशी संधान बांधले नव्हते. संवाद करा, एवढेच ते म्हणत होते. त्यांना मंत्रिमंडळातून जावे लागले. जूनमध्ये आणीबाणी आली आणि काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य असलेले चंद्रशेखर तुरुंगात गेले, पुढे धारियाही गेले. स्वतःला गरज होती तेव्हा सदसद्विवेकाची हाक देणाऱ्या नेतृत्वाला दुसऱ्याचा सदसद्विवेक सोसला नाही. पक्षात खरे बोलणारी माणसे गप्प झाली तेव्हा नेतृत्वाला देशाचा राग कळण्याची वाटच बंद झाली. १९७७ च्या निकालाने तो कळला.

इथे एक भक्कम आक्षेप उभा राहतो आणि तो महाराष्ट्राच्याच इतिहासातून येतो. यशवंतराव चव्हाणांनी १९५५ मध्ये फलटणला सांगितले की संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंच्या बाजूने राहू. त्याबद्दल त्यांना किती शिव्याशाप मिळाले हे ज्येष्ठ श्रोत्यांना सांगायला नको. पण ते पक्षात राहिले, अखेर आलेल्या द्वैभाषिक राज्याचे मुख्यमंत्री झाले, द्वैभाषिक टिकणार नाही हे श्रेष्ठींना आतून पटवत राहिले, आणि १ मे १९६० ला मंगल कलश घेऊन आले. मग निष्ठाच फळली असे म्हणायचे का? मी असे म्हणेन की चव्हाणांच्या निष्ठेला फळ आले कारण ती मुकी नव्हती. जाहीर सभेत ते पक्षाबरोबर राहिले, पण दिल्लीत त्यांनी बोलणे सोडले नाही. त्यांच्या बोलण्याला वजन आले ते बाहेरून. देशमुखांचा राजीनामा, १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला दिलेला तडाखा आणि प्रतापगडावरची निदर्शने हे सगळे त्या बोलण्याच्या पाठीशी उभे होते. देशमुख आणि चव्हाण या दोघांच्या मधोमध काकासाहेब गाडगीळ होते. काँग्रेसच्या बाकावर बसून त्यांनी लोकसभेत मुंबईसह महाराष्ट्राची बाजू रोखठोक मांडली आणि पक्षही सोडला नाही. पुढे ते पंजाबचे राज्यपाल झाले. देशमुखांनाही सरकारने वाळीत टाकले नाही. राजीनाम्याच्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. सोडून जाणारा, राहून आत बोलणारा आणि राहून उघड बोलणारा, तिघांनाही त्या काळच्या सार्वजनिक जीवनात जागा होती. महाराष्ट्र मिळाला तो या तिन्ही वाटांनी आणि रस्त्यावर प्राण दिलेल्यांच्या बळावर. यांतली एकच वाट देशभक्तीची आणि बाकीच्या फितुरीच्या, असे ठरवले असते तर तो मिळायला आणखी किती काळ लागला असता?

पक्षाचे कर्तव्य सांगितले, तसे मतभेद असणाऱ्याचेही सांगितले पाहिजे. प्रत्येक बंडाला तत्त्वाचा मुलामा देता येतो. खरे-खोटे ओळखण्याची कसोटी जुनीच आहे: काय सोडले? मार्च १९४८ मध्ये नाशिकच्या अधिवेशनात समाजवाद्यांनी काँग्रेसमधून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. आचार्य नरेंद्र देव आणि त्यांचे सहकारी संयुक्त प्रांताच्या विधानसभेत काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आलेले होते. तेव्हा ना पक्षांतरबंदीचा कायदा होता, ना कोणी त्यांना जागा सोडायला भाग पाडू शकत होते. तरीही त्यांनी आमदारकीचे राजीनामे दिले, पुन्हा लोकांसमोर गेले, आणि खुद्द नरेंद्र देव फैजाबादला पडले. हा खरा राजीनामा. ज्याच्या नावावर जमीन मिळाली त्याला ती परत करून मग आपली वाट धरणे. राजीनामा देणाऱ्याने आधी पक्षात बोललेले असावे, आपली कारणे लोकांसमोर मांडलेली असावीत, पक्षामुळे मिळालेले सोडलेले असावे, आणि सोडल्याबरोबर दुसरीकडे पद घेतलेले नसावे. एवढे जो पाळतो त्याच्या हेतूवर शंका घेण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मग आपण कायद्याने काय केले? १९६७ च्या निवडणुकीनंतर पक्षांतराची लाट आली आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्द भाषेत रुजला. त्यावर विचार करायला नेमलेल्या समितीचे अध्यक्ष गृहमंत्री यशवंतराव चव्हाणच होते. समितीत जयप्रकाश नारायण आणि हृदयनाथ कुंझरू यांच्यासारखी माणसे होती. समितीने दिलेले आकडे बोलके आहेत. पहिल्या ते चौथ्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत मिळून सुमारे ५४२ पक्षांतरे झाली होती, आणि नंतरच्या एकाच वर्षात किमान ४३८ झाली. काही राज्यांतल्या २१० पक्षांतरित आमदारांपैकी ११६ जण मंत्री झाले. निम्म्याहून अधिक! रोग कुठे आहे हे या आकड्यानेच दाखवून दिले. म्हणून समितीने पदावर बोट ठेवले: पक्ष सोडणाऱ्याला वर्षभर किंवा पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री करू नये, आणि मंत्रिमंडळाच्या आकाराला मर्यादा घालावी. आमिष काढून घ्या म्हणजे बाजार बसेल, असा हा साधा विचार होता. पण १९८५ मध्ये बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले, ते वेगळ्या दिशेने. पदाच्या लालसेबरोबर त्याने मतालाही बेडी घातली. पक्षादेशाविरुद्ध एकदा मत दिले, किंवा मतदानाला गैरहजर राहिले, आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले नाही, तर सदस्यत्व धोक्यात येते. मग विषय सरकार टिकण्याचा असो की एखाद्या साध्या विधेयकाचा.

त्याच परिशिष्टात दोन-तृतीयांश सदस्यांनी मिळून दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची मुभा ठेवली आहे. २००३ पर्यंत तर एक-तृतीयांशांच्या फुटीलाही संरक्षण होते. याचा अर्थ काय झाला? एकट्याने सदसद्विवेकाला स्मरून एका विधेयकावर वेगळे मत दिले तर आमदारकी जाईल, पण घाऊक प्रमाणात पक्ष बदलला तर ती राहील. एकट्याच्या मताला शिक्षा आणि झुंडीच्या सौद्याला संरक्षण, अशी ही रचना आहे. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राने जे पाहिले त्याच्या तपशिलात मी जात नाही. बेडी घालूनही बाजार थांबला नाही, हे मात्र इथे बसलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. शिवाय गोव्याच्या रवी नाईक प्रकरणात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राजीनामा न देताही, सदस्याच्या वागण्यावरून, त्याने पक्ष स्वेच्छेने सोडला असे अनुमान काढता येते. चोरवाट बुजवायला हा अर्थ आवश्यक होता हे मान्य. पण अनुमान काढणारा सभागृहाचा अध्यक्ष बहुधा सत्ताधारी पक्षातून आलेला असतो, तेव्हा कडक टीका आणि पक्षत्याग यांतली रेघ किती पुसट होते, हा विचार आपण केलेला नाही.

लोकांनी मत चिन्हाला दिले, माणसाला नाही, तेव्हा त्याला वेगळे मत कशाला, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. चिन्हाचे महत्त्व मी नाकारत नाही. पण चिन्हाबरोबर मतदाराने एक वचननामाही मान्य केलेला असतो, आणि कित्येकदा मतभेदाचे मूळ पक्ष त्या वचनापासून ढळला यातच असते. वचनाची आठवण करून देणारा मतदाराशी बेइमान कसा? दुसरा आक्षेप असा की पक्षादेश सैल केला तर सरकारे कोसळतील. यासाठी ब्रिटनचा दाखला पाहू, कारण आपली संसदीय पद्धत तिथूनच आली. १७ मार्च २००३ रोजी रॉबिन कुक यांनी इराक युद्धाच्या विरोधात मंत्रिपद सोडले आणि सभागृहात मागच्या बाकावरून कारणे सांगितली. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच मजूर पक्षाच्या १३९ खासदारांनी सरकारच्या भूमिकेविरुद्ध मत दिले. सरकार पडले नाही, पक्ष फुटला नाही, कोणाची खासदारकी गेली नाही, आणि २००५ ची निवडणूक तोच पक्ष जिंकला. युद्ध मात्र थांबले नाही, हेही खरे. मतस्वातंत्र्याने प्रत्येक चूक टळते असा माझा दावा नाही. पण ‘आम्ही विरोध नोंदवला होता’ असे त्या पक्षातली १३९ माणसे पुढे सांगू शकली, आणि पक्षाला पुन्हा ताठ मानेने उभे राहायचे असेल तर अशीच माणसे लागतात.

घरचे भांडण चव्हाट्यावर आणू नये, हा तिसरा आक्षेप, आणि त्यात तथ्य आहे. पक्षाने बैठकीत मोकळी चर्चा होऊ दिली, कौल घेतला, तर सदस्याने नेहमीच्या प्रश्नांवर बाहेर एका आवाजात बोलावे हे रास्तच आहे. पण घरात बोलू न देणाऱ्याला चव्हाट्याबद्दल तक्रार करता येत नाही. म्हणून माझ्या सूचना मोजक्या आहेत. पक्षादेश विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्प यांच्यापुरता असावा. निवडणूक सुधारणांवरच्या गोस्वामी समितीने १९९० मध्ये जवळपास हेच सुचवले होते, आणि १९९२ च्या किहोटो होलोहान निकालात कायदा वैध ठरवताना सर्वोच्च न्यायालयानेही पक्षादेशाला मर्यादा असावी असे म्हटले होते. विलीनीकरणाची पळवाट बंद करावी. ज्याला जायचे त्याने नरेंद्र देवांप्रमाणे जागा सोडून लोकांपुढे जावे. आणि जे काम कोणताही पक्ष कायद्याची वाट न पाहता उद्या करू शकतो ते हे: विधिमंडळ पक्षाच्या बैठकीत चर्चा झाल्याशिवाय आदेश काढू नये, आणि ज्याने विरोध केला त्याचा विरोध नावानिशी इतिवृत्तात लिहावा. इतिवृत्तातली ती एक ओळ अनेक राजीनामे वाचवील.

श्रोतेहो, निष्ठावंत आणि बंडखोर या दोन शिक्क्यांमध्ये आपण माणसे वाटून टाकली आहेत. ते शिक्के आपण मतदारांनीच आधी पुसायला हवेत. येत्या निवडणुकीत उमेदवार दारात आले की रस्ते आणि पाणी यांबद्दल जरूर विचारा. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: तुमच्या पक्षाच्या बैठकीत ‘मला हे मान्य नाही’ असे तुम्ही शेवटचे कधी म्हणालात, आणि त्यानंतर तुमचे काय झाले? ज्याला उत्तर देता येत नाही, तो तुमच्यासाठीही कधी तोंड उघडणार नाही.